गिरजामावशीने न काढलेला केर

गिरजामावशीच्या हातात केरसुणी दिसली नाही तर डॉक्टरला बोलवावं, इतकी ती झाडायची. स्वतःचं अंगण झालं की आमचं, मग समोरच्यांचं, मग गंगापूर रोडकडे जाणारी अर्धी गल्ली. वाटेत कुणी उभं असलं तर "पाय उचल!" एवढीच सूचना. एकदा माझी स्कूटर चालू होईना म्हणून मी रस्त्यावर उकिडवा बसलो होतो. तिने स्कूटरखाली झाडलं, माझ्याभोवती झाडलं आणि म्हणाली, "नाटक्या, तुझ्यापरीस कचरा बरा. केरसुणी लावली का हालतो तरी."

नाटक्या म्हणजे मी. पोटासाठी बँकेत नोकरी, जिवासाठी हौशी नाटकं, आणि मधल्या वेळेत सगळ्या गल्लीच्या नकला. त्यातली गाजलेली नक्कल अर्थात मावशीची. ती स्वतः पायरीवर बसून ती बघायची आणि शेवटी म्हणायची, "आवाज बराय. पण कंबर माझ्यासारखी दुखत नाय तुझी."

गल्ली संपली की तिचा मळा. झेंडू, मेथी, कोथिंबीर. नवरा लवकर गेलेला, मूलबाळ नाही. घरावर काढलेली माडीची खोली ती विद्यार्थ्यांना भाड्याने द्यायची. नव्वदच्या दशकात त्या खोलीत इद्रिस आला. सुदानचा, फार्मसी शिकायला आलेला, आणि उंच इतका की आमच्या दारातून वाकूनच आत यायचा. पहिल्या सकाळी मावशी केरसुणी घेऊन खोलीत शिरली आणि गरजली, "पाय उचल!" बिचाऱ्याला शब्द कळला नाही, पण सूर कळला. तो थेट ट्रंकेवर चढला आणि छताला डोकं टेकवून उभा राहिला. तिने शांतपणे सगळी खोली झाडली, मग वर बघून म्हणाली, "उतर आता. जेवला का?"

"जेवला का" हे त्याला आलेलं पहिलं मराठी. वर्षभरात तो मावशीचीच भाषा बोलायला लागला, 'लय' आणि 'नाय'सकट. तिने जेवला का विचारलं की त्याचं उत्तर ठरलेलं, "जेवलो मावशी, पण पोट नाय म्हणतंय." की ती परत वाढायची. दसऱ्याला तो तिच्याबरोबर बाजारात बसायचा. एवढा उंच माणूस "घ्या ताई, लय ताजा झेंडू!" म्हणून ओरडायला लागला की बायका ऐकायला थांबायच्या आणि लाजून फुलं विकत घ्यायच्या. कुणी जास्तच टक लावून बघितलं तर मावशी फटकारायची, "काय बगती गं? माझा पोरगा हे, जिराफ नाय." तो कॉलेजात असला की इद्रिस, घरी आला की इद्र्या.

शिक्षण संपलं. निघायच्या दिवशी तो सकाळभर ट्रंक बांधत होता आणि भाजलेल्या शेंगा खात होता. मावशीने त्याच्या हातावर दही घातलं. तो ते चाटून वाकला आणि तिच्या पाया पडला. तिने डोळ्यांना पदर न लावता एकच बजावलं, "पोचल्या पोचल्या फोन कर." फोन गल्लीत फक्त आमच्याकडे होता. त्याने आमचा नंबर तिला मोठ्याने तीनदा म्हणून दाखवला आणि मुंबईच्या एसटीत बसला.

त्याला एसटीत बसवून परत आल्यावर माझी बायको सहज म्हणाली, "मावशी, माडीवर किती पसारा झालाय. चला, दोघी मिळून केर काढू." मावशी एवढी चिडलेली मी कधी पाहिली नव्हती. "प्रेत उचलल्यावर काढत्यात मागनं केर! जित्या माणसाच्या मागं नाय. त्याचा फोन येऊ दे, मग काढते."

फोन आला नाही. मावशी रोज संध्याकाळी आमच्या ओट्यावर येऊन बसायची. आधी झाडायची, मग बसायची. आठवडा गेला, महिना गेला. कॉलेजातून पत्ता मिळवून मी पत्रं पाठवली, उत्तर नाही. पेपरात अधूनमधून तिकडच्या लढाईची बातमी यायची, ती मी तिला वाचून दाखवत नसे. एकदा धीर देण्यासाठी म्हणालो, "अहो मावशी, पोरं विसरतात." तिचा चेहरा उजळला. "विसरला आसंल तर लय बेस. म्हंजे जिता हे."

त्या उजळलेल्या चेहऱ्याने माझी झोप उडवली. शेवटी मी नाटक करायचं ठरवलं. कॉलेज रोडच्या एसटीडी बूथवरून स्वतःच्याच घरी फोन लावला. कट आधीच शिजला होता. बायकोने मावशीला हाक मारली. मी सूर खाली नेला आणि इद्रिसचा आवाज काढला. साक्षात त्याच्या आईने फसावं असा.

"मावशी, मी इद्रिस. पोचलो."

पलीकडून मावशी म्हणाली, "जेवला का?"

"हो मावशी, जेवलो."

मग ती अगदी मऊ आवाजात म्हणाली, "बरं बाबा. ठेव आता, बिल वाढंल."

मी विजयी वीरासारखा गल्लीत शिरलो. मावशी आमचं अंगण झाडत होती. माडीच्या खोलीला कडी होती. "काय मावशी, आला ना फोन? आता वरचा केर काढायचा!"

तिने मान वर केली नाही. "तू पोचला ना घरी? तुझ्या बायकोला सांग काढायला. माझा आजून रस्त्यात हे."

मग हळूच म्हणाली, "पाय उचल, नाटक्या."

पुढे गल्लीत घरोघरी फोन आले, मग खिशाखिशात मोबाईल आले. माडी तिने पुन्हा भाड्याने दिली नाही. आणि एका थंडीत, मळ्यात झेंडू तोडता तोडता मावशी गेली.

आम्ही तिला पोचवून परतलो तेव्हा बायका रीतीप्रमाणे घर झाडत होत्या. खालच्या खोल्या झाल्या. तिच्या पुतण्याची बायको केरसुणी घेऊन जिना चढायला लागली. मी धावलो आणि तिच्या पुढे होऊन वरच्या पायरीवर हात पसरून उभा राहिलो. माझ्या मागे दार अर्धं उघडं होतं. जमिनीवर सुतळीचे तुकडे आणि शेंगांची टरफलं तशीच पडली होती, वर बोटभर धूळ.

"भाऊजी, बाजूला व्हा ना," ती म्हणाली.

माझ्या तोंडी एकच वाक्य होतं, आणि तेही मावशीचं. तिची नक्कल मी याच गल्लीत किती वेळा केली असेल! त्या दिवशी तिचा आवाज काही लागेना. माझाच निघाला, आणि तोही अर्धवट.

"इथला नको, वहिनी. तिचा अजून रस्त्यात आहे."