ब्रह्मदेशाहून आले ते उपाशी राहिले

"टायफॉइड," असं म्हणून डॉक्टरांनी ह्यांच्या पोटावरचा हात उचलला आणि माझ्याकडे पाहिलं.

भोरच्या दवाखान्यातली ती सकाळ. हे, म्हणजे आमचे मालक, खाटेवर आडवे पडलेले आणि गळ्यात सत्काराचा झेंडूचा हार तसाच. आंबवड्याहून बैलगाडीतून आणेपर्यंत तो काढायचं कुणालाच सुचलं नव्हतं. सासूबाईंनी मला कोपरानं ढोसलं, "काय म्हनला गं डाक्टर? बरं हाय का वंगाळ?"

टायफॉइड म्हणजे आपला मुदतीचा ताप. घाणेरड्या पाण्यातून, उघड्या अन्नातून तो पोटात शिरतो, आतड्याला आतून जखमा करतो आणि तीन-चार आठवड्यांची मुदत भरल्याशिवाय हलत नाही. हल्ली त्यावर नव्या गोळ्या निघाल्यात म्हणे. ही गोष्ट दुसरी मोठी लढाई सुरू व्हायच्या आधीची आहे. तेव्हा औषध असं नव्हतंच. पथ्य आणि शुश्रूषा, बस्स. तुमच्या घरी हा पाहुणा आला तर घाबरू नका, पण मी सांगते ते नीट ऐका, कारण मी त्याच्याशी आणि सासूबाईंशी एकाच वेळी लढले आहे.

डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, "बाई, ह्यांचं आतडं आता विरलेल्या जुन्या धोतरासारखं झालंय. जरा ताण पडला की फाटलंच. भाकरीचा एक तुकडा जरी पोटात गेला तरी जिवावर बेतेल. ताप उतरून मी सांगेपर्यंत फक्त बार्लीचं पाणी, मोसंबीचा रस आणि दुधाची निवळी. त्यांना खायला देणारा प्रत्येक माणूस आजपासून तुमचा वैरी समजा."

वैरी! मी मनात म्हटलं, डॉक्टरसाहेब, मग सगळं आंबवडं आमचं वैरी झालं की.

त्याचं असं झालं. हे मूळचे कंपाउंडर. ब्रह्मदेशात आपल्याकडच्या मजुरांच्या वस्त्यांत पटकीची साथ आली, तेव्हा पुण्याच्या एका सेवासंस्थेनं तिकडे मंडळी पाठवली, त्यांत हे गेले. वर्षाचा करार. मला विचारलं ते पेटी भरून झाल्यावर. वर्षभर तिकडे परक्यांची ओकारी काढली, हगवण धुतली, आणि मी इकडे ह्यांच्या आईच्या हाताखाली. असो. वर्ष संपलं, बोटीनं कलकत्त्याला, तिथून आगगाडीनं पुण्याला आणि मोटारीनं कापूरहोळवरून भोरला आले. येताना कुठल्यातरी स्टेशनावर तांबडं सरबत प्याले होते, हे मला फार नंतर कळलं. वर्षभर दुसऱ्यांना "पाणी उकळून प्या" म्हणून ओरडणारा माणूस!

गावानं ठरवलं, समुद्र ओलांडून पुण्य करून आलाय, तर घरटी एक जेवण. सकाळी पाटलांकडे पुरणपोळी, संध्याकाळी गुरवाकडे खीर. ह्यांना अंग मोडून येत होतं, संध्याकाळी कणकण यायची, रोज आदल्या दिवसापेक्षा थोडी जास्त. हे म्हणायचे, "परवासाचा शीण हाय." देवळापुढं सत्कार झाला, हार घातला, भाषण कर म्हणाले. हे उभे राहिले, "बंधूंनो" म्हणाले आणि खाली कोसळले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. माणूस गहिवरला असं त्यांना वाटलं. मी जाऊन कपाळाला हात लावला तर तव्याला लावल्यासारखा चटका बसला.

दवाखान्यात आम्हाला कोपऱ्यातली खोली मिळाली. पुण्याला रक्त पाठवलं, त्याला विडाल टेस्ट म्हणतात. मुदतीचा ताप आहे की नाही ते रक्तावरून कळतं. उत्तर यायला बरेच दिवस लागले आणि ते डॉक्टरांच्या बोटांनी आधीच सांगितलेलं निघालं. मागच्या पडवीत नातलगांना चूल मांडायची सोय होती. तिथं सासूबाईंनी तळ ठोकला. दारावर कासमभाई पट्टेवाले. उंचापुरा, भल्या मनाचा माणूस.

पहिला आठवडा ह्यांना शुद्ध होती-नव्हती. ताप चढायचा, बडबड सुरू व्हायची. मी ओल्या फडक्यानं सगळं अंग पुसून काढायची, त्याला स्पंजिंग म्हणतात, म्हणजे ताप जरा खाली येतो. जिभेवर पांढरा थर जमायचा, तो ग्लिसरीननं पुसायचा. कूस बदलायची, नाहीतर पाठीला जखमा होतात. अंथरूण उकळल्याशिवाय धुवायला न्यायचं नाही. हे सगळं तुम्हीही करा, कंटाळू नका. ताप उतरतो तो अशानंच.

दुसऱ्या आठवड्यात ह्यांना भूक लागली आणि माझे खरे हाल सुरू झाले.

भुकेलेला नवरा म्हणजे काय, ते मला विचारा. हे मोठ्यानं पदार्थांची नावं घ्यायचे. पिठलं. वांग्याचं भरीत. आंबेमोहराचा भात. "अगं, तिकडं वरीसभर म्या सपनात भाकरी बघितली," म्हणायचे, "आता भाकरी समोर हाय आन् तू आडवी!" आणि भाकरी खरंच समोर असायची, कारण रोज कुणीतरी टोपली घेऊन भेटायला यायचं. आजाऱ्याला भेटायला रिकाम्या हातानं जायचं नसतं, हा आपला रिवाज. ह्यांचे सारोळ्याचे मामा तर जिवंत कोंबडी घेऊन आले. ती खोलीत सुटली आणि खाटेखाली जाऊन बसली. कासमभाईंनी ओणवं होऊन बाहेर काढली तेव्हा ह्यांनी तिच्याकडे ज्या नजरेनं पाहिलं, तशा नजरेनं लग्नात माझ्याकडेही पाहिलं नव्हतं.

वेळ घालवायला हे मला तिकडच्या गोष्टी सांगायचे. तिथं ह्यांच्याकडे पथ्याचं काम होतं. मोठ्या ऐटीत सांगायचे, मजूर कसे अन्न लपवायचे आणि हे कसे पकडायचे. एकानं म्हणे पांघरुणाच्या टोकाला गाठ मारून त्यात भात ठेवला होता. एकानं मुंडाशात सुकट लपवली होती. मी हूं हूं करत ऐकायची. दुसऱ्या दिवशी पांघरुणाची गाठ सोडली तर आत दोन लाडू. त्याच्या दुसऱ्या दिवशी खुंटीवरचा फेटा झटकला तर चकल्या खाली पडल्या.

"तुला कसं गं कळलं?" हे चकित.

"तुम्हीच सांगितलंत काल."

त्यानंतर ब्रह्मदेशाच्या गोष्टी एकदम बंद झाल्या.

आता लाडू-चकल्या काही आपल्या पायांनी चालत येत नव्हत्या. एका दुपारी कासमभाई माझ्याकडे आले. हातात शेकायची रबरी पिशवी. "वैनी, तुमच्या सासूबाई ही आत नेत व्हत्या. शेकायच्या पिशवीला कांदा-खोबऱ्याचा वास कसा काय?"

टोपण काढलं. आत मटणाचा रस्सा, वर तर्रीसकट.

मी पडवीत गेले आणि पिशवी सासूबाईंपुढं धरली. बाईंच्या चेहऱ्यावर लाज नाही की भीती नाही. "डाक्टरच म्हनला न्हवं, पातळ द्या? मंग ह्ये काय घट हाय?"

"आत्याबाई, त्यांच्या आतड्याला जखमा आहेत. त्यांचा जीव जाईल!"

"उपाशी माणूस वाचल्यालं म्या तरी बघितलं न्हाई," त्या म्हणाल्या. "तू शिकल्याली, तुला डाक्टराचं पटतंय. म्या आई हाय." आणि त्यांनी भेटायला आलेल्या बायकांपुढं गळा काढला, की सून माझ्या पोराला उपाशी मारतीया. बायका माझ्याकडे अशा बघायच्या जसं काही मी पिंपळावरून उतरून आले आहे. मला रडू यायचं, संताप यायचा. वर्षभर ह्यांची वाट मीही पाहिली होती. ते जेवावेत असं मला वाटत नव्हतं का?

तिसऱ्या आठवड्यात सकाळचा ताप उतरू लागला. मला वाटलं, सुटलो. डॉक्टर म्हणाले, "खरा धोका आता आहे. भूक वाढते आणि जखमा ओल्या असतात." ही गोष्ट मनाशी घट्ट बांधून ठेवा. ताप उतरला म्हणजे आजार गेला असं नाही.

मी उकळलेली अंथरुणं घेऊन नदीवर गेले. कासमभाई नमाजाला गेले होते. मी परत आले तो हे खुशीत, डोळे मिटून पडलेले. मिशीला लोणी.

दुधात मळलेली अख्खी दशमी, लोण्यासकट, पोटात गेली होती.

दुपार कलली तसे हे पोट धरून कण्हू लागले. मग कण्हणंही थांबलं, तेव्हा मी घाबरले. अंग गार पडलं, कपाळावर घाम, नाडी हाताला लागेना, शौचाला काळं रक्त. डॉक्टर धावत आले. पोट चाचपत म्हणाले, "हॅमरेज. आतड्यातली जखम उघडून आत रक्त वाहतंय. फाटून भोक पडलं असेल, तर माझ्या हातात काही नाही. पुण्याला न्यायचं म्हणाल, तर मोटारीच्या धक्क्यांनी वाटेतच संपतील." त्यांनी सुई दिली, खाटेच्या पायथ्याखाली विटा ठेवायला लावल्या, पोटावर गार पाण्याच्या घड्या. पाण्याचा थेंबही तोंडात घालायचा नाही.

सासूबाई दाराशी उभ्या होत्या. त्या हळूहळू भिंतीला धरून खाली बसल्या.

आयुष्यभर त्यांना सुनवता येईल असं सगळं मी तोंडाशी जमवून ठेवलं होतं. बाहेर पडणार, इतक्यात त्याच बोलल्या. आवाज इतका बारीक, की ह्या त्याच बाई का असं वाटलं. "वरीसभर त्येच्या वाटची भाकर म्या रोज काढून ठिवायची. आन् सांजच्याला गाईला घालायची. उगं पदरात भाकर घिऊन परसात जायची, तुला दिसू नये म्हणून. गाय खाऊन खाऊन वासरावानी उड्या मारायला लागली. म्या म्हनलं, आला की समदं भरून काढीन." मग दोन्ही हातांनी तोंड झाकलं. "माझ्या हातानं म्या माझं लेकरू मारलं गं."

मी त्यांच्या शेजारी जमिनीवर बसले. त्यांचा हात हातात घेतला, तो थंडगार होता. तशाच आम्ही दोघी रात्रभर बसून राहिलो, आणि मधूनमधून उठून मी घडी बदलायची. कासमभाई दाराबाहेर आपल्या अल्लाला, सासूबाई आत आपल्या देवाला. मी मात्र देवाला न विनवता ह्यांच्यावरच चिडले होते. म्हटलं, वर्षभर परमुलखात पटकीनं नाही मेलात, आणि आता आईच्या दशमीनं मरता?

सकाळी डॉक्टरांनी पोट दाबलं. खूप वेळ दाबत राहिले. मग म्हणाले, "मऊ आहे. फाटलेलं नाही. नाडी सुधारलीय." आणि त्यांनी चष्मा काढून पुसला.

त्या दिवसापासून सासूबाई पार बदलल्या, पण इतक्या, की आमच्या डोक्यावरच बसल्या! हातात काठी घेऊन त्या खोलीच्या उंबऱ्यावर बसल्या. सारोळ्याचे मामा पेढे घेऊन आले, त्यांना पायरीवरूनच पिटाळलं. पुजारी प्रसादाची साखर घेऊन आला, त्याला म्हणाल्या, "देवालाच घाल, त्येचं आतडं धड हाय." कासमभाईंचे खिसे तपासले. बार्लीचं पाणी मी न्यायची तर आधी त्या बोट बुडवून बघायच्या की त्यात दाणा नाही ना.

होता होता ताप पूर्ण गेला आणि बरेच दिवस आला नाही. डॉक्टर म्हणाले, आजपासून गुरगुट्या भात, साजूक तूप न घालता, चार-पाच घास. मी आनंदानं पडवीत धावले. सासूबाई म्हणाल्या, "न्हाई."

"अहो, डॉक्टरांनी सांगितलंय."

"त्यो काल न्हाई म्हनला, आज व्हय म्हन्तोय. त्येचा काय भरवसा?"

डॉक्टर स्वतः समजवायला आले. एवढे शिकलेले, रुबाबदार गृहस्थ, पण काठीपुढं त्यांचंही चाललं नाही. शेवटी ते मला हळूच म्हणाले, "बाई, माझी बॅग कुणी उघडत नाही."

दुसऱ्या दिवशी मी कासमभाईंच्या घरच्या चुलीवर भात शिजवला आणि तो झाकणाच्या वाटीतून डॉक्टरांच्या कातडी बॅगेत, नळी आणि सुयांच्या शेजारी गेला. उंबऱ्यावर सासूबाईंनी बॅगेकडे एक नजर टाकली, डॉक्टरांनी घसा खाकरला, आणि आम्ही आत. मी खाटेवर बसून पहिला घास ह्यांच्या तोंडाशी नेला. हे तो चघळतच राहिले, आणि डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. तीन घास झाले असतील.

"ह्ये काय चाललंय?"

दारात सासूबाई. काठी उचललेली. डॉक्टर एकदम माझ्या मागं सरकले. पण सासूबाईंची नजर लेकाच्या हलणाऱ्या जबड्यावर गेली आणि तिथंच थांबली. काठी खाली आली. त्या जवळ आल्या, वाटीत डोकावल्या.

"मीठ घातलंय का?"

"घातलंय, आत्याबाई. तुम्ही भरवा." मी वाटी पुढं केली.

त्यांनी हात मागं घेतला. "नगं गं. माझ्या हाताला आता धीर न्हाई."

मी त्यांना खाटेवर माझ्या जागी बसवलं, त्यांच्या बोटांत घास दिला आणि मनगट खालून धरलं. भाताची दोन शितं ह्यांच्या दाढीवर सांडली, पण घास तोंडात गेला. मग आणखी एक. वाटीचा तळ अजून दिसत नव्हता. वर्षभरापूर्वी घरातून गेलेला माणूस मला त्या वेळी खरा परत आल्यासारखा वाटला. ह्यांनी ओठ चाटले, आधी आईकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि लाडीगोडीनं म्हणाले, "अजून येकच?"

आणि आम्ही दोघी एकदम ओरडलो, "न्हाई!"