चोपन्न इंचांचा गाऊन

मागच्या सोमवारी जे झालं, त्यातून अजून धड सावरले नाही.

मी वाशिम जिल्ह्यातल्या इंझोरीत शिवणकाम करते. घरातल्या, शेजारच्या सगळ्या बायकांचे गाऊन माझ्याच मशीनवर. सासूबाईंचं माप तर वहीत कधीचं लिहिलेलं, खांद्यापासून घोट्यापर्यंत चोपन्न इंच.

दोन वर्षांपासून त्यांची एकच तक्रार. "सुनबाई, गाऊन लांब होते. पायात येऊन राह्यला." मी दरवेळी वही उघडून दाखवायची. माप तेच, मग लांब कसा होईल? वर ऐकवायचीही, "आई, तुमीच वाकून चालता." म्हातारपणची कुरकुर, दुसरं काय... असं वाटायचं.

सोमवारी त्यांनी अर्धी बादली उचलली आणि पाठीत कळ येऊन खालीच बसल्या. वाशिमला एक्स-रे काढला. डॉक्टर म्हणाले, एक मणका दबून मोडलाय आणि वरचे दोन तर आधीच मोडलेले आहेत. पडल्या होत्या का? नाही. उंची कमी झाली का? मी छातीठोकपणे नाही म्हटलं.

कॉटवरून सासूबाई हळूच बोलल्या, "मी तं दोन सालापासून सांगून राह्यली ना बाप्पा... गाऊन लांब होते म्हून."

दोन दिवसांनी आधार देऊन उभं केलं आणि टेप लावला... साडेएक्कावन्न. मणके दबत गेले तशी उंचीच अडीच इंच खचली होती.

मग अकोल्याला डेक्सा स्कॅन झाला. नुसतं पडून राहायचं, हाडांची घनता मोजतात, काही दुखत नाही. ऑस्टिओपोरोसिस निघाला, हाडं आतून ठिसूळ. पाळी कधी गेली, असं डॉक्टरांनी विचारलं. सासूबाईंची गर्भपिशवी अंडाशयांसकट बत्तिसाव्या वर्षीच काढलेली. पोरं झाली, आता ती कटकट कशाला, म्हणून आमच्याकडे कितीतरी बायका अशा मोकळ्या होतात. हाडं राखणारं हार्मोनही त्यासोबत जातं, हे कुणी सांगितलंच नव्हतं.

औषधं सुरू झालीत. काल नव्या मापाचा गाऊन शिवून दिला. घालून बघितला आणि म्हणाल्या, "आता बराबर झाला. आंधी काहून नाई केला?"

तीन मणके मोडेपर्यंत बाई सांगत होती आणि मी वहीवर विश्वास ठेवला. फार लाज वाटते. आता कुणी म्हणालं कपडा लांब होतोय, तर वही बाजूला ठेवते आणि आधी माणूस मोजते.