बाभळीचा उंबरा

उजनी धरणाचं पाणी चढलं तेव्हा आमची उंचावरची तीन सुतारघरं तेवढी वाचली आणि बेटावर आली. सुताराचं मन बाभळीवर म्हणतात. वडील तर बेटावरच्या बाभळींवरच जगले. नांगर, गाड्या, चौकटी, सगळं त्याच लाकडाचं. खोड तोडलं की काठच्या चिखलात दोन पावसाळे पुरायचं, मग सावलीत वाळवायचं. तोवर त्याला तासायचा वाकस लावायचा नाही, असा त्यांचा दंडक.

मी सोलापुरात प्लायवूड-सनमायकाची कपाटं करतो. शहरात घर बांधायला काढलं तेव्हा वडील म्हणाले, "उंबरा माज्या हातचा." बेटावर एकच जाड बाभूळ उरली होती, बाकी सगळं वेड्या बाभळीचं रान. ती तोडून त्यांनी चिखलात पुरली. "दोन पावसाळं. घाई करू नगंस."

एक पावसाळा गेला आणि वास्तुशांतीचा मुहूर्त निघाला वैशाखातला. पाणी ओसरून बेटापर्यंत टेम्पो जात होता. वडील लग्नाला करमाळ्याला गेलेले. मी खोड उकरून आणलं. मोठा शहाणा! सुताराच्या पोटी जन्मून ते लवकर वाळावं म्हणून बांधकामावर उन्हात टाकलं. तिसऱ्या दुपारी ताडकन आवाज झाला. खोड या टोकापासून त्या टोकापर्यंत उकललं होतं.

वडील आले. त्यांनी चिरेत बोटं घातली, ती पेरभर आत गेली. चार शिव्या हासडल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. ते एवढंच म्हणाले, "बसव तुजा दगुड. मुहूर्त चुकवू नगं."

उंबऱ्याच्या जागी ग्रॅनाइट बसला. वास्तुशांतीला वडील दारात वाकले. उंबऱ्याला हात लावून तो कपाळी लावायची त्यांची जन्माची सवय. गार दगडाला बोटं लागली तशी ती तिथंच थांबली. मग हात धोतराला पुसून ते आत आले, जेवले, पाहुण्यांशी हसून बोलले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पुढचा पावसाळाही सरला. दिवाळीत होडीने बेटावर गेलो. वडील ओसरीवर वाकसाला धार लावत बसले होते. हातात काही काम नव्हतं, येणारही नव्हतं.

"कशाला, आण्णा?"

"ते खोड आता चिखलातनं निघालं असतं की."

अंगठ्याने धार बघून त्यांनी वाकस पुन्हा दगडावर घासायला घेतला.