टोकाचा घेर

नसीब कौरनं वीस वर्षं रजयांच्या खोळी शिवल्या. मग गोबिंदगढच्या लोखंड बाजारात ती नळ्यांना आगीच्या धगीपासून वाचवणाऱ्या खोळी विकू लागली. स्वभाव चौकस, वस्तू हातात आली की उलटसुलट करून पाहायची.

एकदा रोलिंग मिलचा फिटर बलकार सिंग भट्टीजवळची तेलाची नळी घेऊन आला.

"बीबी, नळी पंचवीस मिलिमीटर जाड आहे. पंचविसाचीच खोळ द्या."

"आणि टोकाचे हे नट कुठून जाणार?"

"ओढूनताणून जातील की."

नसीबनं नटाभोवती दोरा गुंडाळला, पट्टीवर धरला. "घेर एकशे वीस भरला. म्हणजे खोळ निदान अडतिसाची हवी. चाळिसाची घे."

"ती ढगळ होईल, बीबी."

"होऊ दे. दोन्ही टोकांना पट्टे आवळ. सलवार ढगळच असते, नाड्यावर राहते ना?"

तरीही बलकारनं आधी पंचविसाची चढवून पाहिली. ती नटापाशीच अडली. चाळिसाची मात्र सरकन गेली.

"आता ही नळी राहते कुठं, ते मला दाखव," नसीब म्हणाली. दुकानाला कुलूप लावून ती त्याच्यासोबत निघाली. एवढ्या वर्षांत तिनं भट्टी कधी पाहिलीच नव्हती.