वाघदेवाच्या नावावरचा कोंबडा

सरकारला एखादं काम घरोघर जाऊन करायचं असलं की ते आधी शिक्षकाकडे बघतं. मी मतदारयाद्या केल्या आहेत, शौचालयं मोजली आहेत, आणि एका हिवाळ्यात हरसूलच्या पुढच्या एका पाड्यावर कोंबड्याही मोजल्या. त्या पाड्यावरच्या शाळेत मी नाशिकहून जाऊन-येऊन नोकरी करत होतो. कोंबड्यांबद्दल मला एवढंच ठाऊक होतं, की त्या वर्गात शिरल्या की मुलांना तासाचा कंटाळा येत नाही.

झालं असं, की पाड्याजवळच्या एका पोल्ट्रीत दोन दिवसांत बरेच पक्षी मेले. नमुने तपासणीला गेले, बर्ड फ्लू असल्याचा अहवाल आला आणि आदेश निघाला. पोल्ट्रीभोवती एक किलोमीटरचं वर्तुळ आखायचं आणि त्यातली प्रत्येक पाळलेली कोंबडी मारून, वर चुना टाकून पुरायची. त्याच आठवड्यात लोकांची भीती घालवायला नाशकात चिकन महोत्सव भरला होता. प्रमुख पाहुण्यांनी फेटा बांधून, कॅमेऱ्यांकडे बघत एक तंगडी संपवली आणि घाबरण्याचं कारण नाही असं सांगितलं. दुसऱ्या दिवशी पेपरात पाहुण्यांची तंगडी आणि आमचं वर्तुळ शेजारी-शेजारी छापून आलं. दोन्ही बातम्या खऱ्याच होत्या. शिजवलेल्या कोंबडीला सरकारची हरकत नव्हती, हरकत होती ती जिवंत कोंबडीला.

माझ्याकडे नोंदवही आली. सोबत पशुवैद्यकीय खात्याच्या डॉक्टर होत्या. त्या मूळच्या नांदगावच्या, वयाने माझ्याहून बऱ्याच लहान आणि बोलायला रोखठोक. आम्ही दारोदार फिरलो. पाड्यावर एकाही घरात कोंबडी नव्हती. एका घरात तसं सांगणं चालू असतानाच कोपऱ्यातल्या डालग्याखालून कोंबडा आरवला. घरधनी म्हणाला, शेजारच्यांचा असंल. शेजारी गेलो तर ते म्हणाले, तुम्ही आत्ता जिथून आलात त्यांचा. शेवटी डॉक्टरबाईंनी नुकसानभरपाई मिळणार असल्याचं सांगितलं, आणि अर्ध्या तासात पाड्यावर इतक्या कोंबड्या झाल्या की नोंदवहीला पुरवणी जोडावी लागली.

खरं बोलली ती फक्त शेवटच्या घरातली म्हातारी. अंगणात एक तांबडा कोंबडा ऐटीत फिरत होता.

“हा कोंबडा तुमचा का, आजी?” मी विचारलं.

“माझा नाय, गुरुजी. वाघदेवाचा हाय.”

त्या भागात शिवेवर वाघदेवाचा दगड असतो. शेंदूर लावलेला, त्यावर वाघ कोरलेला. दिवाळीच्या तोंडावर वाघबारशीला त्याला कोंबडा देतात, म्हणजे वर्षभर रानातली जनावरं माणसांच्या आणि गुरांच्या वाटेला जात नाहीत. गेल्या पावसाळ्यात एक बिबट्या म्हातारीच्या ओट्यावर चढला होता. ओट्यावर तिची नात झोपलेली होती. बिबट्या थोडा वेळ बसला आणि उठून निघून गेला. म्हातारीने तिथल्या तिथे कोंबडीचं एक पिल्लू वाघदेवाला बोललं. दिवाळीत ते अजून लहान होतं, म्हणून पुढच्या वाघबारशीवर ठेवलेलं. तेच आता हे तांबडं धूड झालं होतं. एकदा बोललेला कोंबडा विकता येत नाही, खाता येत नाही, पाहुण्याला कापता येत नाही. तो आपल्या अंगणात दाणे खातो, एवढाच आपला त्याच्याशी संबंध.

नोंदवहीच्या पहिल्या पानावर छापलेलं होतं, की माहिती देणाऱ्याने सांगितलेला तपशीलच लिहावा. मी मालकाच्या रकान्यात ‘वाघदेव’ लिहिलं, पत्त्याच्या रकान्यात ‘शीव’. मालकाच्या संमतीची जागा रिकामी ठेवली.

दुसऱ्या दिवशी तालुक्याहून लिपिकाचा फोन आला. एका इसमाचं आधार कार्ड जोडलेलं नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. मी म्हटलं, त्यांच्याकडे ते नाही. मतदार ओळखपत्र? तेही नाही. मग किती वर्षांपासून राहतात? पाडा वसायच्या आधीपासून, मी म्हणालो. त्यांनी हळूच विचारलं, “अतिक्रमण आहे का?”

यावर वरून तोडगा आला, की नाव खोडून म्हातारीचं लिहावं आणि तिचा अंगठा घ्यावा. एव्हाना बाकीच्या कोंबड्या खड्ड्यात गेल्या होत्या. पांढऱ्या पोशाखातल्या पथकाचं काम संपलं होतं आणि वर्तुळ पक्षीमुक्त झाल्याचं प्रमाणपत्र एका कोंबड्यासाठी अडलं होतं. म्हातारी अंगठा द्यायला तयार नव्हती.

“जे माझं नाय त्यावर आंगठा कसा देऊ? आन् उद्या बिबट्या आला तर त्याला काय सांगू, सरकारनं नेला?”

ती रागाने बोलत नव्हती, खरंच विचारत होती. नात तिच्या मागे पदर धरून उभी होती. पोलीस बोलवावेत असं पथकातल्या एकाने सुचवलं. डॉक्टरबाईंनी त्याच्याकडे पाहिलं आणि तो चुन्याच्या गोण्या मोजायला निघून गेला.

मग त्यांनी भगताला बोलावलं. भगत म्हणजे पाड्याच्या वतीने देवाशी बोलणारा माणूस. एरवी तो आमच्या शाळेच्या दुरुस्तीला गवंडीकाम करायचा. त्याने सुपात तांदळाचे दाणे टाकून जोड्या लावल्या. एक दाणा उरला. देव नाही म्हणतो. पुन्हा लावल्या, पुन्हा एक उरला. डॉक्टरबाई म्हणाल्या, “देवाचं नक्की काय म्हणणं आहे ते विचारा. नुसतं नाही म्हणून माझा अहवाल पूर्ण होत नाही.”

भगताने बराच वेळ विचारलं. देवाचं म्हणणं असं, की कोंबडा द्यायला हरकत नाही, वाघबारशीच्या आधी दिला तरी चालेल. पण म्हातारीच्या हातून, त्याच्या जागेवर. पोल्ट्रीच्या खड्ड्यात नाही.

डॉक्टरबाईंनी मोबाइलवर अंतर मोजलं. शिवेवरचा दगड वर्तुळाच्या आत, जेमतेम, पण आतच होता. म्हणजे तिथे पुरणं नियमात बसत होतं. फक्त कोंबड्याला हात लावणाऱ्या प्रत्येकाने संरक्षक पोशाख घालायला हवा होता. ही अट देवाला मान्य आहे का, ते कोणी विचारलं नाही.

त्याच दुपारी आमची मिरवणूक शिवेवर निघाली. पुढे भगत, त्याला पोशाख आखूड पडल्यामुळे गुडघ्यात वाकून चालणारा. मागे म्हातारी, लुगड्यावरून पांढरा पोशाख, मास्क, चष्मा आणि निळे हातमोजे घातलेली, काखेत कोंबडा. मग डॉक्टरबाई, फावडं आणि चुना घेतलेली दोन माणसं आणि नोंदवही घेतलेला मी. भगताने ऊद पेटवला. सगळ्यांचे चष्मे आधीच वाफेने धुरकट झाले होते, त्यामुळे नारळ दुसऱ्या फटक्यात फुटला. म्हातारीने कोंबडा दिला.

एरवी मुंडकं देवाचं आणि बाकीचं जेवणाऱ्यांचं. त्यात तंगडीचा मान भगताचा. या वेळी सगळाच कोंबडा खड्ड्यात गेला आणि वर चुना पडला. भगत खड्ड्याकडे बघत म्हणाला, “देवाला एवढं कदी भेटलं नव्हतं.” मग त्याने नोंदवहीतल्या संमतीच्या रिकाम्या जागेत मालकातर्फे सही केली. ती मला वाटलं होतं त्यापेक्षा सुवाच्य होती.

पथक आवरायला लागलं. पोशाख उतरवायची जागा खाली ठरलेली होती, तिथे पोचेपर्यंत कोणी काही काढायचं नाही अशी सक्त सूचना होती. सगळे निघाले, म्हातारी मात्र दगडासमोरून हलेना. मी तिला बोलवायला मागे गेलो.

“गुरुजी,” ती मास्कमधून म्हणाली, “या असल्या कापडात त्यानं मला वळखलं असंल का?”

डॉक्टरबाई माझ्या मागोमाग आल्या होत्या. त्यांनी ऐकलं, पोल्ट्रीच्या दिशेला तोंड केलं आणि मोबाइलवर पुन्हा एकदा अंतर मोजायला लागल्या. म्हातारीने हातमोजे काढले, चष्मा काढला, मास्क हनुवटीखाली ओढला आणि वाकून अगदी दगडाजवळ तोंड नेलं.

“मी हाय,” ती म्हणाली. “सरकारचं मानूस नाय.”

मग नातीचं नाव सांगितलं, घर कुठलं ते सांगितलं, ओट्याची खूणही सांगितली. डॉक्टरबाईंचं अंतर मोजणं तिचं बोलून होईपर्यंत चालू होतं.