मामाच्या रिक्षेवरचा भाचा

माझा धाकटा भाऊ गोपीनाथ बाळकुमला राहतो आणि कोपरीच्या स्टँडवर रिक्षा चालवतो. त्याच्याविषयी मी लिहीत आहे, कारण आमच्या गावात त्याच्याविषयी जे बोलले जाते ते खोटे आहे. गोपीनाथने मिरवण्यासाठी भाच्याचे पोस्टर आपणहून रिक्षेला लावले आणि गाडी अडकल्यावर भाच्यावर ढकलले, असे लोक म्हणतात. तो भाचा म्हणजे माझा मुलगा देवेश. म्हणून खरे काय घडले ते सांगण्याचा अधिकार माझ्याइतका दुसऱ्या कोणाला नाही.

आमचे आईवडील मिठागरात राबले. वडील लवकर गेले. आई गंगुबाई डोक्यावर मिठाच्या पाट्या वाहत असे आणि तिच्या पावलांना पडलेल्या भेगा पावसाळ्यातही भरत नसत. पुढे मिठागरे बंद झाली आणि जमिनींना भाव आला. माझ्या सासरी जमीन बरीच होती; तिच्यावर इमारती उभ्या राहिल्या आणि माझा मुलगा मोठा माणूस झाला. गोपीनाथच्या वाट्याला जे थोडे आले त्यातून त्याने रिक्षा घेतली. वागळे इस्टेटमधल्या एका पेंटरकडून त्याने रिक्षेच्या मागच्या हूडवर पिवळ्या रंगात ‘आई गंगुबाई’ अशी अक्षरे काढून घेतली. दुसरे काही लिहिले नाही.

मी साठी उलटल्यावर प्रौढांच्या वर्गात जाऊ लागले. वर्गाबाहेर मी पहिल्यांदा जे वाचले ते हेच नाव. मी अक्षराला अक्षर जोडून वाचले ते गोपीनाथने ऐकले. त्याने मला रिक्षेत बसवले आणि बाळकुमपासून कोपरीपर्यंत फिरवले. पुढे जी गाडी दिसेल तिच्याकडे बोट दाखवून तो म्हणे, “वाच, बाय.” मी वाचत असे. एका टेम्पोच्या मागे ‘बघतोस काय, हप्ते फेडतोय’ असे लिहिले होते. ते मी मोठ्याने वाचले तेव्हा तो इतका हसला की त्याला रिक्षा कडेला घ्यावी लागली. त्यानंतर मला कुठेही सोडायला निघाला की तो मला वाचायला लावत असे.

आमच्यात भाच्याचा मान फार मोठा आहे. मामा वयाने कितीही थोर असला तरी तो भाच्याच्या पाया पडतो. देवेश तान्हा असताना गोपीनाथने त्याची पावले ताटात धुतली होती, आणि ते पाणी पायदळी जाऊ नये म्हणून तुळशीत ओतले होते. भाच्याला नाही म्हणणे त्याला माहीतच नव्हते.

देवेशला पुढे निवडणुकीला उभे राहायचे आहे. दोन वर्षांपूर्वी त्याने वाढदिवसाला स्टँडवरच्या सगळ्या रिक्षांवर आपले चित्र लावण्याचे ठरवले. चित्रात तो पांढऱ्या कपड्यांत हात जोडून उभा होता. खाली ‘शुभेच्छुक’ म्हणून ज्याची रिक्षा त्याचे संपूर्ण नाव छापलेले होते. ही त्याचीच युक्ती होती. स्वतःचे नाव कोणी फाडत नाही, असे तो घरी मला म्हणाला होता. गोपीनाथने त्याला एवढेच विचारले की गाडीवर जाहिरात लावायची तर परवानगी काढावी लागते, ती काढली आहे ना. देवेश म्हणाला की ते सगळे झालेले आहे, मामाने टेन्शन घेऊ नये.

चित्र लावायला माणसे आली तेव्हा आईचे नाव त्याखाली जाणार हे गोपीनाथच्या लक्षात आले. तो जरा घुटमळला. देवेश तिथेच होता. तो म्हणाला, “अरे मामा, आजी खाली आहेच की. नातू आजीच्या अंगावर चढला तर आजीला राग येतो का?” सगळे हसले. गोपीनाथही हसला. आपले नाव छापून आलेले त्याने प्रथमच पाहिले होते, आणि त्याला आनंद झाला होता, हे मी लपवत नाही. परंतु आनंद होणे वेगळे आणि मिरवण्यासाठी लावणे वेगळे.

वाढदिवस झाला आणि बाकीच्या रिक्षावाल्यांनी चित्रे ओढून काढली. गोपीनाथने काढले नाही. काही महिन्यांनी त्याची रिक्षा पासिंगला गेली. तिथल्या साहेबांनी त्याला समजावून सांगितले की परवानगीशिवाय जाहिरात असलेली गाडी पास होणार नाही, ती काढून आणावी. गोपीनाथने सांगितले की परवानगी काढलेली आहे. साहेबांनी ती मागितली. ती त्याच्याकडे नव्हती. साहेबांनी चित्राखालच्या नावावर बोट ठेवून विचारले की हे तुम्हीच ना. त्याला हो म्हणावे लागले.

तो तसाच देवेशच्या ऑफिसात आला. देवेशचा डबा घेऊन मी तिथे गेले होते, त्यामुळे पुढचे मी स्वतः ऐकले आहे. समोर चार माणसे बसली होती. गोपीनाथ उभाच राहिला आणि त्याने झालेले सगळे सांगितले.

देवेश म्हणाला, “मामा, मी कुणाला लावा म्हटलेलं नाही. लोकांनी प्रेमाने लावलं. खाली नाव तुझं आहे ना? मग तू लावलंस.”

गोपीनाथ माझ्याकडे पाहू लागला. मी देवेशकडे पाहिले. देवेश मोबाईलकडे पाहत होता. तो पुढे म्हणाला, “आणि ओढून काढ ना. त्यात काय एवढं?”

“तू काढ,” गोपीनाथ म्हणाला. “तुझ्या हातानं काढ. मना नाय जमणार.”

“म्हणजे मी आता रिक्षा घासू?” देवेश त्या माणसांकडे पाहून म्हणाला. ती माणसे हसली. गोपीनाथने चप्पल घातली आणि तो गेला. गोपीनाथने स्वतःच पोस्टर लावले, ही गोष्ट त्या चार माणसांकडूनच गावात पसरली.

रिक्षा दारात उभी राहिली. पासिंगशिवाय ती चालवता येत नव्हती आणि भाच्याच्या तोंडावर पाते फिरवायला तो तयार नव्हता. त्याची मुलगी करिश्मा शिकलेली आहे. ती म्हणाली की मीच काढते. तेव्हा त्याने तिला सांगितले की तू त्याची बहीण हायेस, भावाचं तोंड खरवडायचं नसतं. वरून कोरा कागद चिकटवूया, असे तिने सुचवले. गोपीनाथ म्हणाला, “तोंड मेलेल्याचं झाकतात.” त्यानंतर तिने विषय काढला नाही.

गोपीनाथ एका मोठ्या सोसायटीच्या फाटकावर वॉचमनच्या कामाला लागला. त्या सोसायटीत देवेशच्या ओळखीचे लोक राहतात. देवेशची गाडी आली की फाटक गोपीनाथ उघडत असे. त्या गाडीच्या काचेआड लाल रंगाची पाटी आहे आणि तिच्यावर ‘अध्यक्ष’ असे लिहिलेले आहे. कशाचा अध्यक्ष, ते लिहिलेले नाही. खाजगी गाडीवर अशी पाटी चालत नाही, असे आमच्या वर्गात बाईंनी सांगितले होते. ती गाडी कोणी थांबवलेली मी पाहिलेली नाही.

मी देवेशला दोनदा म्हणाले की मामाकडे जा आणि ते चित्र काढून ये. पहिल्यांदा तो हो म्हणाला. दुसऱ्यांदा त्याने मला सांगितले की मामाला नाटक करायची सवय आहे.

मग मी स्वतःच एका सकाळी बाळकुमला गेले. गरम पाणी, जुनी साडी आणि खोबरेल तेलाची बाटली मी बरोबर घेतली. मामाला भाच्याचे तोंड पुसता येत नसेल, बहिणीला भावाचे पुसता येत नसेल. परंतु आईने मुलाचे तोंड पुसू नये असे कोणत्याही रीतीत सांगितलेले नाही. गोपीनाथला मी विचारले नाही. मला पाहून तो ओट्यावर पाठ फिरवून बसला.

गोंद सुटावा म्हणून मी चित्रावर तेल चोळले. तान्ह्या देवेशच्या टाळूवर मी हेच तेल जिरवत असे. प्रथम जोडलेले हात निघाले. नंतर मी चेहऱ्याशी आले. उन्हाने तो हूडला घट्ट धरून बसला होता आणि तुकड्यातुकड्यानेच निघत होता. शेजारच्या बायका दारात येऊन उभ्या राहिल्या.

बऱ्याच वेळाने गोपीनाथने पाठमोरेच विचारले, “झालं का गं बाय?”

“झालं.”

“आय राहिली का?”

मी पाहिले. चित्राबरोबर पिवळा रंगही निघून आला होता. माझ्या हातातल्या तुकड्यांच्या उलट्या बाजूला तो चिकटलेला दिसत होता. हूडवर एका अनुस्वाराचा ठिपका तेवढा उरला होता.

“नाही राहिली,” मी म्हणाले.

रिक्षा पास झाली. गोपीनाथ पुन्हा स्टँडवर उभा राहू लागला. नाव पुन्हा काढून घे, असे मी त्याला म्हटले. तो म्हणाला की आता गाडीवर काही लिहायचे नाही. देवेशला शेजारणींकडून सगळे कळले. लोकांसमोर त्याची शोभा झाली, असे तो मला म्हणाला, आणि पुष्कळ दिवस माझ्याशी बोलला नाही.

पुढे अधिक महिना आला. या महिन्यात भाच्याला वाण देतात. मला वाटले होते की गोपीनाथ बोलावणार नाही आणि बोलावले तरी देवेश जाणार नाही. गोपीनाथने बोलावले आणि देवेश गेला. जाताना त्याने फोटो काढणारा माणूसही नेला. गोपीनाथने त्याला पाटावर बसवले, त्याचे पाय धुतले, स्वतःच्या पंच्याने पुसले, आणि अनारशांचे ताट पुढे करून पायांवर डोके ठेवले. फोटोवाला म्हणाला की मामांनी वर बघावे. देवेशही म्हणाला, “मामा, वर बघ ना.” गोपीनाथने डोके उचलले नाही. तशीच छायाचित्रे निघाली.

या वर्षीच्या वाढदिवसाला तेच छायाचित्र कोपरीच्या रिक्षांवर लागले आहे. त्यात देवेश हसतो आहे आणि त्याच्या पायांशी माझ्या भावाचे पांढरे डोके आहे. खाली ‘मामांचा आशीर्वाद’ असे मोठ्या अक्षरांत छापलेले आहे. या वेळी परवानगी रीतसर घेतलेली आहे, असे देवेशने मला आवर्जून सांगितले.

परवा गोपीनाथ मला वर्गाला सोडायला निघाला होता. सिग्नलला आमच्या पुढे तशीच एक रिक्षा उभी होती. मी ते वाचले. त्यानेही वाचले असणार. “वाच, बाय,” असे तो म्हणाला नाही. सिग्नल सुटला, मागच्या गाड्या भोंगे वाजवू लागल्या, तरी ती रिक्षा दिसेनाशी होईपर्यंत त्याने आपली रिक्षा हलवली नाही.