मुन्शीजींनी लिहिलेली माझी फिर्याद

मुन्शीजींना 'फार' या शब्दाची चीड होती. अमरावतीच्या ठाण्यात फिर्यादी लिहून घेणारे ते हवालदार. सगळे त्यांना मुन्शीजीच म्हणत. कोणी 'फार मारलं' म्हणालं की ते टाक खाली ठेवत. "फार कोर्टात टिकत नाई. कायनं मारलं, कुठी लागलं, कितीक खेपा, ते सांगा." बाकावर माझ्या आधी बसलेल्या दोघांना त्यांनी हेच ऐकवलं. मग माझी पाळी आली.

एकोणीसशे सत्तावन्नच्या सुमाराची गोष्ट. माझा उजवा हात गळ्यात बांधलेला होता आणि अकोल्याहून धावत आलेला दादा माझ्या वतीने सगळं सांगत होता. दोन-तीन वाक्यं ऐकून मुन्शीजींनी त्याला थांबवलं.

"तुमी भायेर बसा. मार बाईले बसला, बाईच सांगन."

लग्नाला चार वर्षं झाली होती. तेवढ्या काळात मला कोणी काही विचारलं नव्हतं. मी अडखळत सांगितलं, नवऱ्याने, पाटाच्या कडेने, मनगटावर, तीन वेळा. त्याआधीचे मारही सांगितले. ते घाई न करता लिहीत गेले. मग सगळं वाचून दाखवलं आणि विचारलं, जास्त काही लिहिलं का, काही राहिलं का. एके ठिकाणी मी 'ढकललं' म्हटलं होतं, पण ते मला नीट आठवत नव्हतं. ते वाक्य त्यांनी माझ्यासमोर खोडलं. मी डाव्या हाताने सही केली.

सासरे शहरातले नामांकित वकील. खटला उभा राहीपर्यंत मुन्शीजींची अचलपूरला बदली झाली होती. साक्षीला ते एसटीने आले, धुळीने माखलेले. समोरच्या वकिलांनी विचारलं, हे घरगुती भांडणच ना? मुन्शीजी शांतपणे म्हणाले, "भांडणात दोघांचे हात चालते, साहेब. इथं एकाचाच चालला."

फिर्यादीतला एक शब्दही हलला नाही. नवऱ्याला सहा महिन्यांची कैद झाली. मी अकोल्याला जठारपेठेत दादाकडे राहिले, शिकले, शाळेत नोकरीला लागले.

दहाएक वर्षांनी शाळेच्या कामाने मोर्शीला जाणं झालं, तेव्हा निवृत्तीनंतर तिथेच राहणाऱ्या मुन्शीजींचं घर शोधत गेले. चहा देताना त्यांच्या पत्नी सहज बोलून गेल्या. त्या वेळी फौजदारांनी 'जिन्यावरून पडली' असं लिहायला सांगितलं होतं. यांनी ऐकलं नाही. आठ दिवसांत अचलपूर. मुलीची शाळा मध्येच सुटली.

मी कप खाली ठेवला. हे मला तेव्हाच का सांगितलं नाही, असं मी विचारलं. मुन्शीजी माझ्यासाठी संत्रं सोलत होते.

"तुमाले सांगतलं असतं, तं तुमी बयान फिरवलं असतं."

त्यांनी पुढे केलेली फोड मी घेतली. मी फिरवलंच असतं.